पळणाऱ्या पोराला दम खाऊ द्या

पहाटे पाच वाजता कारंजा (घाडगे) येथे नागपूर-अमरावती महामार्गाच्या कडेला उभे राहिले, की ट्रकच्या उजेडात पळणारी मुले दिसतात. कुणाच्या पायात बूट असतात, कुणाच्या पायात कापडी जोडे, तर एखादा अनवाणीच. कुणाला पोलीस व्हायचे आहे, कुणाला मिलिटरीत जायचे आहे. ही मुले शेतमजुराची, गवंड्याची, हमालाची. घरातला एक मुलगा वर्दीत गेला की धाकट्यांची शिक्षणे होतात, बहिणीचे लग्न कर्जाशिवाय होते, हे आपल्या वस्तीत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून या वेळी सदराचा विषय धावणे हा आहे.

वाचक बंधुभगिनींनो, आधी माझी चूक सांगतो.

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करीत होता. पोलीस शिपायाच्या ग्राउंडमध्ये मुलांना १६०० मीटर धावावे लागते आणि ५० गुणांपैकी २० गुण त्या एका धावण्याचे असतात. पूर्ण गुण हवे तर पाच मिनिटे दहा सेकंदांत अंतर संपले पाहिजे. भाच्याला सहा मिनिटे वीस सेकंद लागत. मी पडलो बी. कॉम. झालेला कारकून. आकडा दिसला की तो रोज सुधारला पाहिजे, एवढेच मला कळते. मी घड्याळ घेऊन मैदानावर उभा राहू लागलो. रोज सोळाशे मीटर, रोज पूर्ण जोर. "काल सहा पंधरा होते, आज पुन्हा सहा वीस कसे?" असा हिशेब मी त्याला रोज विचारी.

महिनाभरात त्याच्या नडग्या दुखू लागल्या. मी म्हटले, दुखेल थोडे, सवय होईल. ग्राउंडला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी आणखी जोर लावला. एका सकाळी ऊन वर आले होते. चारशे मीटरची एक फेरी झाली की मिनिटभरही न थांबवता मी त्याला पुढच्या फेरीला पिटाळीत होतो. पाचव्या फेरीनंतर तो म्हणाला, "मामाजी, पायात जीवच नाही राहिला." मी म्हणालो, "नाटक नको करू." तो सहाव्या फेरीला निघाला आणि अर्ध्यात खाली बसला, मग आडवा झाला. शुद्धीवर होता, बोलत होता, पण मांड्या उचलत नव्हत्या. ऑटोत घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सलाईन लावले आणि मला पहिला प्रश्न विचारला, "याची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" झाली नव्हती. नंतर केली तेव्हा तो वाहक निघाला. त्या वर्षी तो ग्राउंडला गेलाच नाही. माझी बहीण मला एक शब्द बोलली नाही. तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि ती आत गेली. त्या चहाचा घोट मला आजही आठवतो.

त्यानंतर मी हा विषय शिकायला बसलो. आमच्याकडे मिलिटरीतून निवृत्त झालेले एक काकाजी आहेत. त्यांनी सगळी हकिकत ऐकली आणि विचारले, "बाबू, पोराला पळवून राहिला होता, का मारून राहिला होता?" मग त्यांनी जे सांगितले ते असे : आठवड्यात दोन दिवस जोर, बाकीचे दिवस गप्पा मारत धावणे आणि एक दिवस पूर्ण आराम. मला हे पटेना. हळू धावून माणूस वेगवान कसा होईल?

उत्तरासाठी आपल्याच महाराष्ट्रातला माणूस पाहा. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचा. जन्म १९९४ चा. घर शेतकऱ्याचे. शाळा सहा-सात किलोमीटरवर, तीही चालत-पळत गाठायची. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि पाचव्या महार बटालियनमध्ये दाखल झाला. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली आणि तिच्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. अविनाश सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला, सिक्कीमला राहिला. स्पर्धेसाठी धावणे त्याने २०१५ साली, म्हणजे विसाव्या वर्षानंतर सुरू केले. आपल्याकडे अठराव्या वर्षी मुलाला "आता तुझे वय गेले" म्हणणारे लोक आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली तो ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. ही अडथळ्यांची शर्यत. २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा. गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे कुणाला मोडता आला नव्हता. अविनाशने २०१८ साली भुवनेश्वरला तो मोडला, वेळ ८ मिनिटे २९.८० सेकंद. मात्र त्याच वर्षी घोट्याच्या दुखापतीमुळे त्याचे आशियाई खेळ हुकले होते, हेही विसरू नये.

आता कारकुनाच्या नजरेने पुढचा हिशेब पाहा. २०१८ साली ८:२९. २०१९ साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत ८:२१. २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८:१८. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११ आणि रौप्यपदक. तेथे सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदांनी गेले. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद. म्हणजे सहा वर्षांत जेमतेम वीस सेकंद कमी झाले. देशातला सर्वांत चांगला धावपटू, सैन्याचा खुराक, परदेशी सराव, एवढे सगळे असून वर्षाला सरासरी तीन-साडेतीन सेकंद. आणि मी माझ्या भाच्याला एका रात्रीत पाच सेकंद मागत होतो!

आता हळू धावण्याची गोष्ट. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचा माणूस होऊन गेला. बुटांच्या कारखान्यात काम करी, दूध वाटण्याचेही काम करी. त्याने स्वतःवर प्रयोग करून ठरवले, की आधी कित्येक आठवडे भरपूर आणि आरामशीर धावायचे आणि जोराचा सराव त्यानंतर करायचा. त्याचा शिष्य पीटर स्नेल शर्यती धावायचा ८०० मीटरसारख्या छोट्या, पण रविवारी डोंगररस्त्याने पस्तीस किलोमीटर धावायचा. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि लिडियार्डचाच दुसरा शिष्य मरे हॉलबर्ग याने ५००० मीटरचे सुवर्ण एकाच दिवशी जिंकले. हळू आणि लांब धावण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे वाढते, हाडे आणि स्नायुबंध बळकट होतात. बँकेच्या भाषेत ही जमा आहे. जोराचा सराव हा खर्च आहे. जमा नसताना खर्च केला तर काय होते, हे मी घरातच पाहिले.

हळू म्हणजे किती हळू? शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांत धाप लागली तर वेग कमी करा, वाटले तर चाला. त्यात लाज नाही.

जोराच्या सरावाला शहरातले प्रशिक्षक इंटरव्हल म्हणतात. साधा अर्थ असा : ठरावीक अंतर जोरात धावायचे, मग थोडा वेळ चालायचे किंवा सावकाश धावायचे आणि पुन्हा जोरात. या पद्धतीने जग गाजवले ते एमिल झाटोपेक याने. हा चेकोस्लोव्हाकियाचा. सोळाव्या वर्षी झ्लिन गावी बाटाच्या बुटांच्या कारखान्यात कामाला लागला. कारखान्याच्या शर्यतीत त्याला जबरदस्तीने उतरवले, तेव्हा तो नको नको म्हणत होता, आणि आला दुसरा. पुढे त्याने चारशे चारशे मीटरचे कितीतरी तुकडे रोज धावण्याचा सराव केला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णपदके त्याने घेतली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. एकाच ऑलिम्पिकमध्ये या तिन्ही शर्यती दुसऱ्या कुणालाही जिंकता आलेल्या नाहीत.

परंतु झाटोपेकची गोष्ट ऐकून मुले फक्त जोर ध्यानात ठेवतात. मधली विश्रांती विसरतात. जर्मनीतले प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर आणि हृदयाचे डॉक्टर हर्बर्ट राइंडेल यांनी नाडी मोजून याचा अभ्यास केला होता. त्यांचा नियम गरिबाच्या मुलालाही बिनखर्चात वापरता येतो. जोरात धावल्यावर नाडी मिनिटाला १८० च्या आसपास जाते. ती नव्वद सेकंदांत १२० वर उतरली पाहिजे, मगच पुढचा तुकडा धावायचा. उतरली नाही तर त्याचा अर्थ मुलगा आळशी आहे असा नाही. वेग जास्त झाला किंवा अंतर जास्त झाले, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या मते हृदय बळकट होते ते या मधल्या विश्रांतीतच. म्हणजे ज्या वेळी मी "बसू नको, चल" म्हणून ओरडत होतो, नेमक्या त्याच वेळी माझ्या भाच्याचे खरे काम चालायला हवे होते.

नाडी मोजायला यंत्र नको. मनगटावर दोन बोटे ठेवा, पंधरा सेकंद ठोके मोजा. तीस किंवा त्याहून कमी भरले तर पुढे जा. जास्त भरले तर आणखी चाला. नेहमीपेक्षा फारच वेळ लागू लागला तर त्या दिवसाचा सराव तेथेच संपवा.

आता आमच्याकडे आम्ही आठवडा कसा लावला ते सांगतो. पन्नास मीटरची सुतळी घेऊन मैदानावर दोनशे मीटरची फेरी आखली आणि चुन्याने खुणा केल्या. पहिले दोन महिने जोर अजिबात नाही. फक्त आरामशीर धावणे, आठवड्याला अंतर थोडे थोडे वाढवायचे. त्यानंतर सोमवारी चार-पाच किलोमीटर हळू. मंगळवारी इंटरव्हल. बुधवारी फक्त चालणे. गुरुवारी पाच-सहा किलोमीटर हळू. शुक्रवारी दोनशे मीटरचे थोडे तुकडे आणि गोळाफेक. शनिवारी पूर्ण आराम. रविवारी आठ-दहा किलोमीटर सावकाश, तेही डांबरी रस्त्यावर नाही, संत्र्याच्या बागांमधल्या पांदणीने. मातीवर नडग्या कमी दुखतात आणि ट्रकची भीती नाही. मात्र जंगलालगतच्या गावांत अंधारात एकट्याने जाऊ नये.

इंटरव्हलच्या वेगाचा हिशेब सोपा आहे. मुलगा १६०० मीटर सहा मिनिटे वीस सेकंदांत धावतो, म्हणजे ३८० सेकंद. चार चारशे मीटर धरले तर प्रत्येकाला ९५ सेकंद. त्याने इंटरव्हलला चारशे मीटर ९० सेकंदांच्या आसपास धावायचे, सुरुवातीला फक्त चार वेळा आणि मध्ये दोन ते तीन मिनिटे चालायचे. तीन-चार आठवडे ते नीट जमले तरच दोन-तीन सेकंद कमी करायचे. पाच मिनिटे दहा सेकंद हवे असतील तर चारशे मीटरला साडेसत्त्याहत्तर सेकंद पडतात. ९५ वरून तेथे जायला महिने लागतात, पंधरवडा पुरत नाही. दर वेळी आधी दहा मिनिटे सावकाश धावून अंग गरम करा आणि शेवटी दहा मिनिटे चाला. पूर्ण सोळाशेची परीक्षा महिन्यातून एकदाच घ्या.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. आईवडिलांपैकी एकाकडून हा दोष आला तर मूल वाहक असते, दोघांकडून आला तर रुग्ण. वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो, म्हणून घरात कुणाला पत्ताच नसतो. परंतु कडक उन्हात, अंगातले पाणी कमी झालेले असताना, विश्रांतीशिवाय जोराने धावत राहिले तर वाहकाच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. स्नायूंना रक्त पोचत नाही, स्नायू विरघळू लागतात आणि त्याचा मारा मूत्रपिंडावर होतो. अशा वेळी मुलगा बेशुद्ध न होता आधी खाली बसतो. पायांतली शक्ती गेली, असे सांगतो. पाहणाऱ्याला वाटते नाटक करतो. मला तसेच वाटले होते. म्हणून पळणारा मुलगा "पायात जीव नाही" म्हणाला की त्याच क्षणी थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या आणि बरे वाटेना तर लगेच दवाखाना गाठा.

याचा अर्थ वाहकाने वर्दीचे स्वप्न सोडावे असा मुळीच नाही. अमेरिकेच्या सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पाणी, विश्रांती आणि उन्हाची काळजी घेण्याचे नियम सर्वांनाच लागू असलेल्या त्या सैन्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. स्नायू विरघळण्याचा धोका मात्र त्यांना जास्त होता. म्हणून वाहकाने सराव हळूहळू वाढवावा, तुकड्यांमधली विश्रांती लांब ठेवावी, भरपूर पाणी प्यावे, ताप-जुलाबात धावू नये. जो रुग्ण आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा सराव करूच नये. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. वस्तीत भरतीची तयारी करणाऱ्या सगळ्या मुलामुलींची तपासणी एकाच दिवशी करून घ्या. जयंतीच्या वर्गणीतला थोडा पैसा जाण्यायेण्याला लागला तर तो सत्कारणीच लागेल.

घाई किती महाग पडते, याचे उदाहरण अवघ्या देशाने पाहिले आहे. झारखंडमध्ये २०२४ साली उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक तरुण दगावले. त्यांच्याही घरी कुणीतरी वर्दीची वाट पाहत होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा सूर्य वर येण्याच्या आत सराव संपला पाहिजे. छातीत दुखणे, चक्कर येणे, घरात कुणी तरुणपणी अचानक वारलेले असणे, यातले काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग मैदान. आणि ग्राउंडच्या आधी दम वाढवण्याचे म्हणून कुणी इंजेक्शन किंवा गोळी देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता दोन शब्द माताभगिनींसाठी. मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि सरावाचे नियम तेच आहेत. "पोरगी रस्त्यावर पळते" असे म्हणणारे आमच्याकडेही आहेत. त्यांना सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर सांगा. दुष्काळी भागातली ही मुलगी २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. त्याआधी ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली भारतीय महिला म्हणजे १९८४ सालची पी. टी. उषा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी घरातली. तिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेतले. आमच्याकडे मुली तिघी-चौघी मिळून धावतात आणि एकीची आई मैदानाच्या कडेला बसून राहते. एवढी सोय केली तरी पुरे होते. पाळीच्या दिवसांत मुलीला थकवा वाटला तर त्या दिवशी जोर नको. तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण रक्त कमी असले तर कितीही सराव केला तरी दम वाढत नाही.

खुराकासाठी डब्यातली महागडी पावडर आणून कर्ज करू नका. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, अंडी, वरण, ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि वर लिंबू, एवढे रोज मिळाले तरी चालते. मुलांना ताटात जे वाढाल तेच मुलीलाही वाढा. पैसे असतीलच तर ते चांगल्या जोड्यांवर खर्च करा आणि रात्री आठ तास झोपू द्या. मोबाइल घेऊन बारापर्यंत जागणाऱ्याला पहाटे पाचला पळवणे हाही जुलूमच आहे.

विहारात सोण थेरांची गोष्ट आपण ऐकलेली आहे. सोण सुखवस्तू घरातला, तळपाय कोवळे. भिक्खू झाल्यावर तो इतका येरझारा घालू लागला की पाय फुटून वाट रक्ताने माखली. मन मात्र शांत होईना. भगवान बुद्धांनी त्याला रागावून घालवले नाही. वीणेची तार फार ताणली तर सूर लागतो का आणि फार सैल सोडली तर लागतो का, एवढेच विचारले. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो. पण मैदानावर घड्याळ हातात घेतले तेव्हा ती मला आठवली नाही.

भाचा आता पुन्हा धावतो. परवा महिन्याची परीक्षा घेतली, पाच मिनिटे चाळीस सेकंद भरले. अजून तीस सेकंद जायचे आहेत आणि भरती केव्हा निघेल ते आपल्या हातात नाही. पण नडग्या दुखत नाहीत, आणि पाण्याची बाटली तो स्वतः आठवणीने आणतो. घड्याळ आता त्याच्याच हातात असते. चारशे मीटर झाले की तो चालत माझ्याजवळ येतो, मनगट पुढे करतो आणि मी ठोके मोजतो. तीसच्या खाली आले की म्हणतो, जा. नाही आले तर आम्ही दोघे मिळून आणखी थोडे चालतो.